हुकूम न देता चालवायचा गड

सात बुटके, सामानाने भरलेली एक गाडी, ती ओढणारी दोन जनावरं आणि समोर ओसाड डोंगर. 'ड्वार्फ फोर्ट्रेस' हा कॉम्प्युटर गेम इथून सुरू होतो. डोंगर पोखरायचा, आत घरं, भुयारी शेतं, भट्ट्या आणि दारूची कोठारं काढायची, आणि त्या बिळाचा हळूहळू दोनशे वस्तीचा गड करायचा. इथवर ऐकणारा म्हणेल, असले गेम पुष्कळ असतात. पण नवखा खेळाडू पाच मिनिटांत चक्रावतो. तो एका बुटक्यावर क्लिक करतो, मग झाडावर क्लिक करतो, आणि बुटका ढिम्म हलत नाही. गेम बिघडलेला नसतो. 'तू ऊठ आणि ते झाड तोड' असं इथे कुणाला सांगताच येत नाही.

सांगता येतं ते एवढंच: झाडावर खूण करायची, की हे तोडायचंय. आणि लाकूडतोड कुणी करायची याची यादी लावायची. पुढचं ज्याचं त्याने बघायचं. यादीतला बुटका झोपला असेल तर झोप पुरी करेल, भूक लागली असेल तर आधी जेवेल, तहान लागली असेल तर आधी दारू पिईल (पाण्याला तो नाइलाज झाला तरच तोंड लावतो), आणि सगळं आटोपलं की कुऱ्हाड घेऊन निघेल. लष्कराच्या तुकड्या तेवढ्या अपवाद, त्यांना 'इथे जा, याला मारा' म्हणता येतं. बाकी अख्खा कारभार खुणा, याद्या आणि परवानग्यांवर चालतो. माझ्या मते या गेमची सगळी करामत या एका गोष्टीत आहे. राजा तुम्ही, पण हुकूम द्यायची सोय नाही.

ही करणी टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन अमेरिकन भावांची. 2002 मध्ये त्यांनी काम सुरू केलं आणि 8 ऑगस्ट 2006 रोजी पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली. टार्न हा स्टॅनफर्ड विद्यापीठाचा गणितातला पीएच.डी.; विद्यापीठातली नोकरी सोडून तो या उद्योगाला लागला. झॅक गोष्टी लिहायचा, आणि मग दोघं बसून त्या गोष्टी उसवायचे: असा प्रसंग गेममध्ये आपसूक घडायला हवा असेल तर आत काय काय असावं लागेल? गेम फुकट वाटला, पोट देणग्यांवर भरलं. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहासाठी पहिले 14 व्हिडिओ गेम निवडले, त्यांत हा होता. तेव्हा पडद्यावर चित्र म्हणून नव्हतंच, नुसती अक्षरं आणि चिन्हं. बुटका म्हणजे एक इवलासा हसरा चेहरा, आणि त्याचा धंदा कळायचा तो रंगावरून: खाणकामगार राखाडी, सुतार पिवळा, शेतकरी तपकिरी. 2021 च्या अखेरीस कोड सात लाख ओळींच्या पुढे गेला होता, आणि तो जवळजवळ सगळा एकट्या टार्नने लिहिलेला.

सात जणांचा संसार सोपा असतो. एक खणतो, एक सुतारकाम करतो, एक पेरतो, आणि प्रत्येकाच्या अंगावर आणखी दोन-तीन धंदे असतात. पण पहिल्याच वर्षात, तुम्ही आवतण दिलेलं नसताना, नकाशाच्या कडेने माणसं यायला लागतात. पहिल्या दोन टोळ्या गडाची स्थिती कशीही असली तरी येतातच. त्यानंतरचा ओघ गडाने किती संपत्ती निर्माण केली यावर ठरतो. दर शरद ऋतूत मायदेशाहून व्यापाऱ्यांचा तांडा येतो आणि परतताना मालाबरोबर तुमची कीर्तीही घेऊन जातो. कीर्ती चांगली असेल तर पुढच्या खेपेला वीस-वीस जण एकदम दारात उभे राहतात. गडावर मढी पडत असतील, तर टोळी आल्याची सूचनाही बदलते: ही जागा आपली कबर ठरू शकते हे ठाऊक असून यांनी यायचं धाडस केलंय, अशा अर्थाचं वाक्य झळकतं. आणि तरीही ते येतात!

यातली कुणीही कोरी पाटी नसते. गड वसवण्याआधी गेमने अख्ख्या जगाचा इतिहास रचलेला असतो. तो किती वर्षांचा हवा हे तुम्ही निवडायचं. मधला पर्याय 250 वर्षांचा. राज्यं, लढाया, लग्नं, खून, सगळं त्यात होऊन गेलेलं असतं, आणि आलेल्या टोळीतला एखादा त्या इतिहासातूनच चालत आलेला असतो, बायकापोरांसकट आणि जुन्या वैरांसकट. प्रत्येकाच्या स्वभावाचे पन्नासच्या आसपास पैलू गेम आकड्यांत धरून असतो: किती रागीट, किती चिकट, किती लोभी, किती हळवा.

तर अशी माणसं दारात येतात आणि तुम्ही लोहाराची वाट बघत असता. येतात कोण? एक चीज बनवणारा, एक मासे साफ करणारी, एक साबण बनवणारा. खेळाडूंमध्ये या साबणवाल्यांची यथेच्छ टिंगल होते. नवखा खेळाडू त्याला दगड वाहायला लावतो किंवा भाला देऊन वेशीवर उभा करतो. पण साबण म्हणजे काय हे एकदा बघण्यासारखं आहे. झाड तोडायचं, भट्टीत लाकूड जाळून राख करायची, राखेपासून दुसऱ्या ठिकाणी क्षारपाणी काढायचं. इकडे जनावर कापायचं, त्याची चरबी स्वयंपाकघरात वितळवायची. मग चरबी आणि क्षारपाणी साबणवाल्याच्या हाती द्यायचं. म्हणजे वडीभर साबणामागे लाकूडतोड्या, भट्टीवाला, क्षार काढणारा, खाटीक, स्वयंपाकी आणि शेवटी हा टिंगल झालेला गृहस्थ, एवढे धंदे उभे असतात. लढाईनंतर जखमी दवाखान्यात येतात, तेव्हा जखमा याच साबणाने धुतल्या जातात. साबण नसेल तर जखम चिघळते आणि तलवारीतून वाचलेला सैनिक पंधरवड्याने खाटेवर मरतो. गडाची लोकसंख्या राखणाऱ्यांत साबणवाल्याचा नंबर सेनापतीच्या फार खाली नाही.

साखळीतला एक दुवा तुटला की काय होतं, याचा हिशेब दारूवर मांडून बघा. गेमच्या वर्षात 336 दिवस असतात, तीन-तीन महिन्यांचे चार ऋतू. एक बुटका साधारण ऋतूला दोनदा जेवतो आणि चारदा पितो. दोनशे जणांच्या गडाला म्हणजे वर्षाला 1,600 जेवणं आणि 3,200 पेयं. एका रोपापासून पाच पेयं निघतात, म्हणजे 640 रोपं नुसती दारूपायी गेली. ती साठवायला पिंपं हवीत, पिंपांना लाकूड किंवा धातू हवा, लाकडाला लाकूडतोड्या हवा. आता लाकूडतोड्या मेला आणि यादीत दुसरा कुणी नसला, तर पीक उभं, गाळणारा मोकळा, आणि तरी दारू नाही. दारूवाचून बुटके मंदावतात, कामं रखडतात, गड उदास होत जातो. दोष शोधायला जाणारा खेळाडू आधी शेतावर जातो, मग गाळपाच्या जागी, आणि शेवटी एका रिकाम्या यादीपाशी येऊन थांबतो.

या याद्या पूर्वी कशा लावायच्या ते ऐकून आज विश्वास बसणार नाही. एकेका बुटक्याजवळ जाऊन व्ही, पी, एल अशी बटणं दाबायची, पन्नासहून जास्त कामांची उतरंड उलगडायची, एकेक काम चालू किंवा बंद करायचं, मग पुढच्या बुटक्याकडे. दोनशे माणसं आणि पन्नास कामं म्हणजे दहा हजार खाने! शेवटी खेळाडूंनीच वैतागून 'ड्वार्फ थेरपिस्ट' नावाचा वेगळा प्रोग्राम लिहिला. गेमच्या आत डोकावून तो सगळ्या वस्तीचा एक तक्ता मांडतो: आडव्या ओळीत बुटका, उभ्या ओळीत काम. कित्येकांनी वर्षानुवर्षं गेमपेक्षा जास्त वेळ त्या तक्त्याकडे बघण्यात घालवला असेल.

6 डिसेंबर 2022 रोजी किटफॉक्स गेम्स या प्रकाशकाच्या मदतीने गेम स्टीम या ऑनलाइन दुकानात आला, चित्रं आणि माउस घेऊन, तेव्हा टार्नने ही पद्धत उलटी केली. आता माणसाकडून कामाकडे जायचं नाही, कामाकडून माणसाकडे यायचं. खाणकाम, लाकूडतोड, शिकार, पेरणी, मासेमारी, कोरीवकाम, ओझी वाहणं असे गट तयार असतात, आणि प्रत्येक गटाला तीनच पर्याय: सगळ्यांनी करावं, फक्त निवडलेल्यांनी करावं, कुणीच करू नये. हवा तर आपला नवा गट करता येतो. शिवाय एखाद्या बुटक्याला 'याने नेमलेलंच काम करायचं, दुसरं नाही' असं कुलूप लावता येतं. खाणकाम, लाकूडतोड आणि शिकार यांत प्रत्येकाचं हत्यार वेगळं, म्हणून एकाच बुटक्याला यांतल्या दोन याद्यांत घातलंत की हत्यारांचा घोळ होतो. खणायच्या जागांना 1 ते 7 असा अग्रक्रम देता येतो. काही न सांगितल्यास 4.

ते कुलूप फार महत्त्वाचं. कारण गडावरचं सगळ्यात मोठं काम कुठलंच कौशल्य मागत नाही. ते म्हणजे वाहतूक. खणलं की दगड निघतो, तो हलवायचा. पीक आलं, कोठारात न्यायचं. शत्रूची, म्हणजे गोब्लिनांची टोळी हल्ला करून मेली, तर त्यांची हत्यारं, कपडे आणि मोजेसुद्धा गोळा करायचे. ओझी वाहणं हे मुळात सगळ्यांच्या नावावर असतं. त्यामुळे गडातला सर्वोत्तम लोहार, ज्याच्या भट्टीवर चिलखतांची मागणी थकलेली आहे, तो वेशीबाहेर एका गोब्लिनाचा मोजा उचलायला निघालेला दिसतो. कोपऱ्यावर दुसरी टोळी दबा धरून बसलेली असते. मोजा राहतो, लोहार जातो. वाहतुकीसाठी वेगळी माणसं ठेवा, हातगाड्या करून द्या, कसबी हातांना कुलूप लावा, हे शहाणपण बहुतेक गडांना पहिल्या लोहाराच्या तेराव्यानंतर येतं.

वस्ती वाढली की कारभारी लागतात. मॅनेजर नेमला की त्याच्याकडे कायमच्या मागण्या नोंदवता येतात: दारू अमुक पेयांच्या खाली गेली तर गाळायला घ्या, खाटा कमी पडल्या तर करा. पण तोही बुटकाच. कचेरीत बसून त्याने मंजुरी दिल्याशिवाय मागणी पुढे सरकत नाही, आणि तो खाणीत राबत असेल तर अख्ख्या गडाचे कागद अडतात. साठ्याच्या नोंदी ठेवायला हिशेबनीस असतो, आपल्या गडांवरचा कारखानीस म्हणा ना. त्याला वेळ मिळाला नाही तर कोठारात किती धान्य आहे हे खुद्द राजालाही अंदाजानेच कळतं. वस्ती 50 झाली की लोक महापौर निवडतात. त्याचं उत्पादक काम शून्य. तो आवडीनिवडी जाहीर करतो, अमुक वस्तू करा, तमुक विकू नका, आणि ते झालं नाही की शिक्षा भलत्याच गरिबाच्या पाठीवर बसते. इतका खरा वाटणारा पुढारी दुसऱ्या गेममध्ये माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता यातलं सगळ्यात अचाट. वस्ती 20 च्या पुढे गेली की कधीतरी एखाद्या बुटक्याला झपाटल्यासारखं होतं. खेळाडूंच्या तोंडी बुटक्याचं ठरलेलं नाव उरिस्त, तेच घेऊ. उरिस्त हातातलं काम टाकतो, एक कार्यशाळा बळकावतो, कुणाला आत येऊ देत नाही आणि मागण्या करतो: हाडं, कापड, रत्नं, चकचकीत धातूच्या पट्ट्या. मिळालं तर एकांतात अशी वस्तू घडवतो, की तिला नाव मिळतं आणि जगाच्या इतिहासात तिची नोंद होते. बहुतेक वेळा त्याबरोबर उरिस्त त्या कलेतला दंतकथेतला उस्ताद होऊन बाहेर पडतो. मिळालं नाही तर त्याला वेड लागतं आणि तो मरतो, एकटा किंवा दोन-चार जणांना घेऊन. या झपाटलेपणावर तुमचा ताबा नाही, पण नेमणुकीचा एक डाव मात्र खेळता येतो. उस्तादी कुठल्या कलेत यायची, हे त्या बुटक्याला आधीपासून कुठली कला सर्वांत जास्त येते यावर ठरतं. म्हणून मुरलेले खेळाडू बिनकामाच्या माणसांना मुद्दाम एखादं चिलखत ठोकायला लावतात. पुढेमागे लॉटरी लागलीच, तर हाडाच्या बांगड्या घडवणारा उस्ताद मिळण्यापेक्षा चिलखतवाला मिळालेला बरा!

काम नेमताना मनाचाही हिशेब ठेवावा लागतो. कुणाला प्रार्थनेची ओढ, कुणाला मित्रांच्या बैठकीची, कुणाला हाताने काही घडवण्याची. ती भागली नाही की लक्ष उडतं आणि हात मंदावतात. जन्मभर नांगरच धरणाऱ्याला मधूनच एक दगडी पेला कोरू दिला तर तो खुलतो. उलट मढी वाहण्याचं काम हळव्या माणसाला लागलं, तर ते दृश्य त्याच्या आठवणीत बसतं, पुन्हा पुन्हा वर येतं आणि काही वेळा स्वभावच पालटून टाकतं. जाणते खेळाडू या कामासाठी स्वभावाचे तपशील वाचून घट्ट मनाचा माणूस शोधतात. कारण एकाचा तोल गेला की तो कुणालातरी मारतो, मेलेल्याचे आप्त आणि मित्र खचतात, त्यांतला एखादा पुन्हा कुणाच्या अंगावर धावतो. दोनशेचा गड या फेऱ्यात एका हिवाळ्यात रिकामा झाल्याच्या कहाण्या खेळाडू हौसेने सांगतात. 'हरण्यात मजा आहे' हे या गेमचं बोधवाक्य आहे, आणि ते चेष्टेने म्हटलेलं नाही.

साधे नियम एकत्र आले की केवढा गोंधळ होतो याचा नमुना 2015 च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत दिसला. त्या आवृत्तीत मद्यालयं आली, आणि पाठोपाठ गडांमधली मांजरं ओकारी काढून पटापट मरू लागली. टार्नने शोध घेतला. मद्यालयात दारू सांडत होती, मांजरं त्यातून चालत होती, मग सवयीने पंजे चाटत होती, आणि दर चाटण्याला गेम अख्ख्या पेल्याची दारू पोटात गेली असं धरत होता. एवढ्याशा देहाला ती नशा झेपत नव्हती. मांजरांना दारू पाजा असं कुणी लिहिलेलं नव्हतं. सांडणं, पायाला लागणं, चाटणं आणि नशा हे चार वेगळे नियम आपापलं काम चोख करत होते. ती चूक दुरुस्त झाली. मद्यालयात वाढपी नेमला तर तो बुटक्यांनाही जरा जास्तच पाजतो, म्हणून शहाणे लोक ती जागा रिकामी ठेवतात.

लोकसंख्येला खरा लगाम बसतो तो तुमच्या कॉम्प्युटरचा. प्रत्येक बुटका सारखा रस्ता शोधत असतो, आणि कोण कुणाला दिसतंय हेही गेम तपासत असतो. दोनशे जणांच्या जोड्या होतात 19,900. त्यात गुरं आली, पाहुणे आले आणि मांजरं आली. मांजर आपला मालक स्वतः निवडतं, आणि एकदा निवडला की त्याला खाटकाकडे पाठवता येत नाही. गड जसा भरतो तसा गेम रांगायला लागतो. म्हणून सेटिंगमध्ये वस्तीची कमाल मर्यादा असते, मुळात 200, आणि पुष्कळ जण ती शंभराच्या आत आणून ठेवतात. मला विचाराल तर ऐंशीचा गड सर्वांत रसरशीत. त्या आकड्याला प्रत्येक धंद्याला माणूस असतो आणि कोण मेलं हे नावासकट कळतं. दोनशेला माणसं फक्त आकडा होतात.

2013 मध्ये अवतरलेल्या 'रिमवर्ल्ड' या गेमने हीच कल्पना घेऊन माणसागणिक कामांना 1 ते 4 असे अग्रक्रम देणारा सुटसुटीत तक्ता केला. तो शिकायला सोपा आहे. पण साबणाच्या वडीमागे सहा धंदे उभे करण्याचा हट्ट अ‍ॅडम्स बंधूंचाच.

त्या हट्टाला वीस वर्षांनी फळ आलं. स्टीमवर आल्यानंतर जानेवारी 2023 मध्ये त्यांची त्या एका महिन्याची मिळकत 70 लाख डॉलरच्या वर गेली. बिनचित्रांची मूळ आवृत्ती मात्र भावांच्या 'बे ट्वेल्व्ह गेम्स'च्या संकेतस्थळावर आजही फुकट मिळते. उतरवून घ्या, वस्तीची मर्यादा पहिल्याच दिवशी पन्नासवर आणा, लाकूडतोडीच्या यादीत दोन नावं ठेवा, आणि साबणवाला आला तर त्याला भाला देऊ नका.